कोठीच्या मागचे ऊन

नल्लकुंट्याला माझी मावशी राहते. फीवर हॉस्पिटलजवळच्या गल्लीत तिचे घर. काका रायचूरकडचे, कन्नड बोलणारे; त्यामुळे त्या घरात मराठी आणि कन्नड एकाच ताटात वाढलेली असते. आपल्याकडच्या वाचकांना त्यात नवल वाटायचे कारण नाही.

१९९९ च्या डिसेंबरात मी तिच्याकडे गेलो होतो. बी.ए.ला होतो. मामाने दिलेला जुना कॅमेरा गळ्यात आणि त्यात उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' हा कृष्णधवल रोल. छत्तीस फोटो, एकही जास्त नाही. मावशी म्हणाली, "माझ्या कॉलेजचा फोटो काढ की रे. माझ्याकडे एकही नाही."

मावशीचे कॉलेज म्हणजे कोठीचे विमेन्स कॉलेज. ज्या कोठीवरून त्या भागाला नाव पडले, ती हीच ब्रिटिश रेसिडेन्सी. जेम्स किर्कपॅट्रिक या रेसिडेंटाने १८०३ च्या सुमारास ती बांधायला घेतली. उंच खांब, रुंद पायऱ्या, दोन्ही बाजूंना सिंह, समोर आखीव बाग. त्याने हैदराबादच्या उमराव घराण्यातल्या खैरुन्निसेशी लग्न केले होते. ती पडद्यात असल्याने तिला वाड्याचे दर्शनी अंग पाहता येत नव्हते, म्हणून त्याने मागच्या बागेत वाड्याची छोटी प्रतिकृती बांधून दिली, अशी आख्यायिका आहे. १८०५ मध्ये किर्कपॅट्रिक कलकत्त्याला वारला. १९४९ पासून या वाड्यात मुलींचे कॉलेज भरू लागले.

मी छत्तीसच्या छत्तीस फोटो समोरून काढले. मधोमध उभा राहून, खांब मोजून, दोन्ही सिंह चौकटीत बसवून. रोल धुऊन आला तेव्हा आकाश पांढरे फटक आणि वाडा काळा ठिक्कर. मावशीने एकेक फोटो पाहिला आणि हसत म्हणाली, "थंडीत सगळा बिसिलु मागेच की रे! आम्ही डबा मागेच खायचो. समोरच्या पायऱ्यांवर एकदाच बसलो, निरोपाच्या ग्रुप फोटोला. त्याचे पैसे भरायला अण्णांकडे नव्हते, म्हणून तोही मिळाला नाही."

तिने एका वाक्यात माझी चूक सांगितली होती. वाड्याचे तोंड उत्तरेला आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे समोरची बाजू सावलीत राहते. हैदराबादेत मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेला कलतो, तेव्हा कुठे खांबांवर ऊन येते. कॅमेऱ्यातल्या मीटरला हे कळत नाही. चौकटीत उजळ आकाश जास्त आले की तो प्रकाश कमी घेतो आणि इमारत काळी पडते. अशा वेळी मीटर सावलीतल्या भिंतीवर धरून माप घ्यायचे आणि तेच कायम ठेवायचे. दुसरी चूक मी केली ती कॅमेरा वर कलवण्याची. त्याने खांब मागे पडल्यासारखे दिसतात. कॅमेरा सरळ ठेवून मागे सरकावे. चौकटीचा खालचा अर्धा भाग बागेच्या वाटा भरून काढतात. जुन्या वाड्यांपुढच्या आखीव बागा छायाचित्रकाराच्या अशा कामी येतात.

"पुढच्या खेपेला मागून काढतो," असे मी मावशीला म्हणालो. ती पुढची खेप यायला पंचवीस वर्षे लागली.

मधल्या काळात पुष्कळ घडले. २००२ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने या वाड्याचे नाव धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घातले आणि पुढे दुरुस्ती झाली. २०२२ मध्ये कॉलेजचे महिला विद्यापीठ झाले. उटीचा कारखाना बंद पडला. मावशीच्या डब्यातल्या चौघींपैकी दोघीच उरल्या.

याच शहरात राजा दीनदयाळ यांनी सहाव्या निजामाचे महाल काचेच्या प्लेटांवर टिपले. बशीरबागचा महाल आज नाही, त्यांचे छायाचित्र आहे. पण महालाच्या मागच्या अंगणात कोण उन्हाला बसत असे, ते विचारायचे कोणाला?

गेल्या जानेवारीत परदेशी रोल मागवला, परवानगी काढली आणि मावशीला रिक्षाने कोठीला नेले. सत्त्याहत्तराव्या वर्षीही तिला वाट सांगावी लागली नाही. समोरच्या पायऱ्यांकडे तिने पाहिलेदेखील नाही. काठी टेकत ती मागे गेली, उन्हातली एक जागा निवडून बसली आणि म्हणाली, "इल्ली. इथंच."

त्या दिवशी मी सातच फोटो काढले. त्यातला एक मोठा करून नल्लकुंट्याच्या घरात लावला आहे. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवतात आणि मावशी मागून सांगते, "शेजारची जागा रिकामी दिसते ना, ती सुशीची."

वाचकहो, तुमच्या घरात कोणी जुन्या वाड्यात, गढीत किंवा बागेत वावरलेले असेल, तर कॅमेरा घेऊन जाण्याआधी त्यांना एकदा विचारा, उभे कुठे राहू? आणि जमले तर त्यांना बरोबर घेऊन जा. पुढच्या खेपेवर टाकू नका.