शेजारी स्मृतिभ्रंश केंद्र : भीती कोणती, काळजी कोणती?

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण सगळेच सहज वापरतो. आजोबांनी एकच प्रश्न चौथ्यांदा विचारला, की घरातले हसतात आणि ‘म्हातारचळ लागला’ म्हणून विषय सोडून देतात. पण वय वाढले म्हणजे बुद्धी जातेच असे नाही. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे निराळे आणि चष्मा कशासाठी असतो हेच न कळणे निराळे. या दुसऱ्या विसरण्यामागे मेंदूचा आजार असतो. त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात.

अशा रुग्णांसाठी निवासी केंद्रे आता पुण्यामुंबईत निघाली आहेत. समजा, उद्या बारामतीजवळच्या माळेगाव बुद्रुकमध्ये असे केंद्र काढायचे ठरले, तर शेजारी काय विचारतील? हे रुग्ण अंगावर धावून येतील का? आमच्या मुलांना काही होईल का? कुणी रात्री बाहेर पडून हरवला तर? जागेचा भाव उतरेल का? असे विचारणाऱ्यांना निष्ठुर म्हणून भागणार नाही. एकेक प्रश्न तपासून पाहिला पाहिजे.

मेंदूत काय होते?

१९०१ साली जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे आलोइस अल्झायमर या डॉक्टरांनी ऑगस्टे डेटर नावाच्या ५१ वर्षांच्या बाईंना तपासले. बाईंना स्वतःचे नावही धड लिहिता येत नव्हते. १९०६ मध्ये त्या वारल्यावर अल्झायमर यांनी त्यांचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात पेशींच्या बाहेर साचलेले डाग आणि पेशींच्या आत गुंतलेले धागे दिसले. डागांमध्ये अमायलॉइड आणि धाग्यांमध्ये टाऊ नावाचे प्रथिन असते, हे पुढे कळले. स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण हाच अल्झायमरचा आजार. मेंदूतील रक्तवाहिन्या बिघडल्यानेही स्मृतिभ्रंश होतो.

अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस आणि त्याला लागून असलेला भाग लवकर बिघडतो. नव्या आठवणी तयार होण्यासाठी हिप्पोकॅम्पस लागतो. म्हणून सकाळची न्याहारी आठवत नाही, पण लहानपणची शाळा आठवते. याच भागात आपण कुठे आहोत हे सांगणारा मेंदूतला ‘नकाशा’ही असतो. त्यातील पेशींचा शोध लावल्याबद्दल जॉन ओकीफ आणि मे-ब्रिट व एडवर्ड मोसर यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ओळखीच्या गल्लीत रुग्ण वाट का चुकतो, याचे उत्तर इथे सापडते.

भीती तपासू या

पहिली गोष्ट, स्मृतिभ्रंश शेजारामुळे, स्पर्शाने किंवा एकत्र जेवल्याने होत नाही. दुसरी गोष्ट, काही रुग्ण चिडतात, क्वचित हातही उगारतात. पण बहुधा ते अंघोळ घालणाऱ्या, कपडे बदलणाऱ्या माणसावर. त्यामागे भीती, वेदना किंवा गोंधळ असतो. वाटेने जाणाऱ्या मुलांवर चाल करून जाणे हे या आजाराचे लक्षण नव्हे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण जास्त आहे. म्हणजे साठीपुढची हजार माणसे घेतली, तर त्यांत सुमारे ७४ रुग्ण. केंद्र आले म्हणून आजार गावात येत नाही. तो आधीच आपल्या ओसरीवर बसलेला असतो आणि त्याला सांभाळणारी सून किंवा लेक रात्र रात्र जागत असते.

जागेच्या भावाचे काय? केवळ रुग्ण राहतात म्हणून भाव उतरत असेल, तर त्यामागे आपली भीतीच असते. ती कमी करणे आपल्याच हाती आहे.

खरी काळजी

मात्र हरवण्याचा प्रश्न खोटा नाही. रुग्ण उगाच भटकत नाही. त्याच्या दृष्टीने तो कुठेतरी निघालेला असतो. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एखादे आजोबा भोंगा ऐकून पाळीला निघू शकतात. या परिसरातून नीरा डावा कालवा वाहतो. वाढलेल्या उसात शिरलेला माणूस चार पावलांवरून दिसत नाही. हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रीघ असते. म्हणून ग्रामस्थांनी जरूर विचारावे : कुंपण कसे आहे? रात्री किती माणसे जागी असतात? रुग्णाच्या हातात नाव आणि दूरध्वनी क्रमांकाची पट्टी आहे का? फिरून पुन्हा दारातच आणणारी गोल पायवाट आवारात आहे का? नेदरलँडमधील वेस्प येथे २००९ पासून अशा रुग्णांचे एक लहान गावच वसवले आहे. त्यात रस्ते, दुकान, बाग सारे आहे आणि रुग्ण आत मोकळे फिरतात.

दोन निर्णय

मुंबईत २०२१ साली टाटा स्मारक रुग्णालयातील रुग्ण व नातेवाइकांसाठी म्हाडाच्या १०० सदनिका देण्याचे ठरले होते. तेथील रहिवाशांच्या आक्षेपांनंतर त्या निर्णयाला स्थगिती मिळाली आणि बॉम्बे डाइंगच्या जागेतील सदनिका द्याव्या लागल्या. कर्करोग संसर्गजन्य नसूनही हे घडले.

अमेरिकेत टेक्सासमधील क्लेबर्न शहराने मतिमंद व्यक्तींच्या निवासाला परवानगी नाकारली होती. जागा पुराच्या पट्ट्यात येते, असेही एक कारण दिले होते. मग त्याच जागी रुग्णालय कसे चालते? १९८५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने नकार रद्द केला. शेजाऱ्यांची नुसती भीती हे पुरेसे कारण नव्हे, असा त्याचा अर्थ.

ही कसोटी आपल्यालाही वापरता येईल. जी अट आपण वसतिगृहाला किंवा दवाखान्याला घालू, ती केंद्रालाही घालावी. जी त्यांना घालणार नाही, ती फक्त केंद्राला का घालतो, हे स्वतःला विचारावे. कालव्यामुळे कुंपण मागणे ही काळजी, कुंपण असूनही केंद्र नको म्हणणे ही भीती.

वर्गात करून पाहा

मुलांना डोळे मिटून शाळेपासून घरापर्यंतची वाट मनात चालायला सांगा आणि मग ती कागदावर काढायला लावा. नंतर त्यातील चार खुणा खोडायला सांगा : वडाचे झाड, पाण्याची टाकी, देऊळ, कालव्यावरचा पूल. आता वाट सापडते का? वाट चुकलेले आजोबा दिसले तर काय करायचे, हेही त्याच तासाला ठरवता येईल. हसायचे नाही, ओरडायचे नाही. समोर जाऊन नमस्कार करायचा, सावलीत बसवायचे आणि मोठ्या माणसाला बोलवायचे. हे जाणणारी मुले ज्या गावात आहेत, तिथे केंद्राच्या कुंपणाबाहेरही रुग्ण अधिक सुरक्षित राहतील.