दम्माम ते रियाध : एका रेषेची गोष्ट

इथल्या भारतीय शाळांत सीबीएसईचा अभ्यासक्रम आहे आणि नववीला 'गती'चा धडा आला, की घरोघरी अंतर-काळ आलेख काढणे सुरू होते. आई-बाबांनीही त्यात डोके घालावे, कारण हा आलेख आपल्या गाडीच्याही कामाचा आहे.

मुलांची पहिली गफलत ठरलेली : आलेखातली रेषा म्हणजे रस्त्याचे चित्र, असे त्यांना वाटते. तसे नाही बरं का! ताइफहून मक्केच्या बाजूला उतरणारा अल हदाचा घाट घ्या. खंडाळ्याची आठवण व्हावी अशी वळणे! पण गाडी एकाच वेगाने चालली, तर आलेखात रेषा सरळच येते, आणि घाट उतरत असलो तरी ती वरच चढते. उलट वाळवंटातल्या सरळसोट रस्त्यावर वेग कमीजास्त केला, की रेषा वाकते. रेषेचा चढ दाखवतो तो वेग.

आता दम्माम ते रियाध, साधारण ४०० कि.मी. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर अंतर. सकाळी ७ ला निघालो, ताशी १२० कि.मी.ने ८.४० ला २०० कि.मी. झाले. तिथे चहा, पेट्रोल यांत अर्धा तास गेला. वेळ पुढे सरकते, अंतर नाही, म्हणून रेषा आडवी. ९.१० ला पुन्हा त्याच वेगाने निघालो, की १०.५० ला रियाध. सरासरी वेग भरतो ताशी १०४ च्या आसपास.

"गेलेला अर्धा तास भरून काढू," असे कुणीतरी म्हणतेच. आलेखावर पट्टी ठेवून बघा. उरलेले २०० कि.मी. १ तास १० मिनिटांत कापायचे, म्हणजे ताशी १७१ कि.मी.! ताशी १४० ने पळवली तरी वाचतात जेमतेम १४ मिनिटे. शिवाय ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १२० पेक्षा १७१ ला ते दुप्पट होते. समोर अचानक उंट आला तर?

पुढच्या प्रवासात मागच्या सीटवरच्या मंडळींना वही-पेन्सिल द्या. दर १५ मिनिटांनी मीटरवरचे किलोमीटर लिहायला सांगा आणि घरी आल्यावर आलेख काढा. धडा पाठ होईल आणि बाबांचा पाय अॅक्सिलरेटरवर किती जोरात पडला, तेही सगळ्यांना दिसेल!