चला, व्हाळ अडवूया!

मुलांनो, दिवाळीची सुट्टी संपली, फराळाचे डबे रिकामे झाले. आता सिंधुदुर्गातल्या कितीतरी शाळांत एकच लगबग असते, बंधारा घालायची!

तुम्ही म्हणाल, सिंधुदुर्गात तर धो धो पाऊस पडतो, वर्षाला जवळजवळ ३००० मिलिमीटर! मग पाणी अडवायचं कशाला? गंमत तिथंच आहे. सह्याद्रीपासून समुद्र जवळ, उतार मोठा आणि जांभ्या दगडातून पाणी भराभर झिरपून जातं. एप्रिल-मे आला की विहिरीचा तळ दिसतो आणि आईला हंडा घेऊन लांब जावं लागतं.

त्यावर सोपा उपाय म्हणजे वनराई बंधारा. मोहन धारियांच्या ‘वनराई’ संस्थेवरून हे नाव पडलं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या वाळू-मातीने भरायच्या, तोंडं सुतळीने शिवायची आणि भिंतीतल्या विटांसारखे सांधे चुकवत व्हाळात, म्हणजे ओढ्यात, रचायच्या. लहान मुलं माती भरतात, मोठी गोण्या उचलतात. गुरुजी आणि गावकरीही रांगेत उभे राहतात.

मागे साठलेलं पाणी जमिनीत मुरतं. शेजारच्या विहिरीला ते जास्त दिवस पुरतं, वायंगणी भात आणि भाजीचा मळा तगतो, गुरांची तहान भागते.

मात्र व्हाळ वाहता असतानाच हे काम करायला हवं. आटल्यावर काय अडवणार? आणि पावसाळ्याआधी गोण्या काढून घ्या, बरं का! नाहीतर पहिल्या पुराबरोबर ते प्लास्टिक थेट समुद्रात जाईल.

यंदा तुमच्या शाळेचा बंधारा कुठे? उद्याच बाईंना विचारा!