हनुवटीवरचा राठ केस

संगमनेर-श्रीरामपूरच्या ब्यूटी पार्लरमध्ये लग्नसराईत बसायला जागा नसते. तरुण मुली भुवया कोरायला, हातापायांचं वॅक्सिंग करायला येतात. चाळिशी उलटली की लक्ष ओठावरच्या लवेकडे आणि हनुवटीकडे वळतं. पाळी जाताना इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक झपाट्यानं घटतं, अँड्रोजेन हे पुरुषी संप्रेरक मात्र त्या मानानं टिकून राहतं. म्हणून काखेतले, पायांवरचे केस विरळ होतात आणि हनुवटीवर दोन-चार राठ केस उगवतात. चष्म्याशिवाय ते दिसत नाहीत. बोटालाच आधी लागतात!

रेझरनं केस दाट होतात, हा समज मात्र खोटा. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून ते खरखरीत लागतं, इतकंच. उतारवयात कातडी पातळ होते, मेणाबरोबर सोलवटते; मधुमेह असेल तर वॅक्सिंग फारच जपून. गुप्तांगावरचे केस काढण्याची आरोग्यासाठी गरज नाही. बाळंतपणाआधीही ते सरसकट काढू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तरुणपणी चेहऱ्यावर केस वाढून पाळीही लांबत असेल, तर पीसीओएसची (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) तपासणी करावी. पाळी गेल्यावर अचानक दाढीसारखे केस आले, आवाज घोगरा झाला, तर पार्लरआधी डॉक्टर गाठावा.