खंडोबाच्या नैवेद्यातील बाजरी आणि वांगी

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, अर्थात चंपाषष्ठी, हा मार्तंडभैरवाने, म्हणजेच खंडोबाने, मणि व मल्ल या दैत्यांचा संहार केल्याचा दिवस मानला जातो. त्या दिवशी खंडोबाच्या जेजुरीत, तसेच ज्यांचे कुलदैवत खंडोबा आहे अशा घरोघरी, वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा, म्हणजे जाडसर थापून भाजलेली भाकरी, यांचा नैवेद्य दाखवून तळी भरली जाते, म्हणजे हळद ठेवलेले ताट देवाचा जयघोष करत उचलले जाते. बहुतेक देवळांत निषिद्ध असलेले कांदा आणि लसूण या नैवेद्याला चालतात, इतकेच नव्हे तर चातुर्मासात वांगी, कांदा, लसूण वर्ज्य करणारी अनेक कुटुंबे ते याच दिवसापासून पुन्हा खाऊ लागतात. धनगर आणि शेतकरी यांच्या या देवाला पक्वान्नाऐवजी शिवारात पिकते तेच अर्पण होते, आणि खरिपाची नवी बाजरी तेव्हा नुकतीच घरात आलेली असते.

पोषणाच्या दृष्टीने या ताटात खरे मोल बाजरीचे आहे. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ११ ग्रॅम प्रथिने आणि जवळपास तेवढेच तंतू असतात, लोह गव्हापेक्षा अधिक असते आणि ग्लुटेन, म्हणजे गव्हातील चिकट प्रथिन, मुळीच नसते. मात्र बाजरीतील फायटेट हे द्रव्य लोह बांधून ठेवते व त्याचे शोषण कमी करते. कच्च्या कांद्याच्या पातीतील क जीवनसत्त्व ही अडचण काहीशी दूर करते, त्यामुळे भरितावर बारीक चिरलेली पात भुरभुरण्याची रीत नुसत्या चवीपुरती नाही.

वांग्याबाबत मात्र गुणगान जरा जास्तच होते. त्याच्या जांभळ्या सालीतील अँथोसायनिन या रंगद्रव्याचे गोडवे गायले जातात, पण भरितासाठी वांगे निखाऱ्यावर करपेपर्यंत भाजून, देठ धरून नेमकी तीच साल सोलून टाकली जाते. उरतो तो ९० टक्क्यांहून अधिक पाणी असलेला, पचायला हलका गर, आणि फोडणीत तेल सढळ पडले तर तो हलकेपणाही उरत नाही. तळीतल्या भंडाऱ्याची, म्हणजे हळदीची, गोष्टही अशीच आहे, कारण तिच्यातील कर्क्युमिन शरीरात फारच थोडे शोषले जाते आणि भंडारा तर मुख्यतः उधळण्यासाठी व कपाळी लावण्यासाठीच असतो.

बाजरीत स्निग्धांश बराच असल्याने तिचे पीठ लवकर कडवट होते, म्हणून रोडग्यासाठी ते ताजे आणि लागेल तेवढेच दळावे.