बाथटबखालचा पाइप गळतोय? आधी मोबाईल आत सरकवा, मग पाना उचला

खालच्या मजल्यावरच्या काकू "आमच्या छताला ओल आलीय" म्हणून बेल वाजवतात, तोवर गळती बहुतेक वेळा जुनी झालेली असते. आपल्याकडे बऱ्याच इमारतींत बाथरूमचा स्लॅब खोलगट ठेवून त्यात विटांचे तुकडे भरतात. पाणी आधी त्या भरावात मुरतं आणि मग सावकाश खाली उतरतं. महाराष्ट्रातल्या हाउसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार टॉयलेट, सिंक अशा घरातल्या गळतीचा खर्च त्या फ्लॅटधारकानेच करायचा असतो. म्हणजे बिल तुमच्याच घरी येणार!

आता टबच्या बाजूला तपासणीची छोटी झडप असेल, तर बरंच काम तुम्ही स्वतः करू शकता. टाइल लावून सगळं बंद केलं असेल, तर मात्र प्लंबर आणि गवंडी दोघांनाही बोलवावं लागेल. पाणी फिरवणाऱ्या मोटरचा टब असेल, तर हात घालण्याआधी त्याचा एमसीबी पाडा.

झडपेतून डोकं आत जात नाही, पण मोबाईल जातो. तो पारदर्शक झिप पाउचमध्ये घाला, टॉर्च लावून व्हिडिओ सुरू करा आणि सेल्फी स्टिकने आत सरकवा. जॉइंटला अगदी चिकटवू नका, वीतभर अंतर ठेवा, नाहीतर फोकस होणार नाही. चार्जिंगची वायर काढलेलीच बरी.

खरी गोष्ट पुढे आहे. ड्रेन पाइपमध्ये नळासारखं सतत प्रेशर नसतं, त्यामुळे तो पाणी असतं तेव्हाच गळतो. कुठला जॉइंट गळतोय, हे पाणी कधी पडतं त्यावरून कळतं. सगळे पाइप कोरडे पुसा आणि खाली टिश्यू पेपर अंथरा.

बूच लावून टब अर्धा भरा आणि अर्धा तास थांबा. जाळीच्या बुडाशी थेंब जमले, तर जाळीखालचा रबरी वॉशर गेलाय. मग पाणी ओव्हरफ्लोच्या भोकापर्यंत चढू द्या. आता मागच्या बाजूने ओघळ आला, तर दोष ओव्हरफ्लोच्या वॉशरचा. शेवटी बूच काढा. फक्त पाणी वाहून जातानाच गळत असेल, तर खालचे नटवाले जॉइंट किंवा ट्रॅप बघा. टबला हातही लावला नाही तरी टिश्यू भिजतोय? मग ही ड्रेनची गळती नाहीच, पाणी आणणारा पाइप तपासा. एक चाचणी राहते: फायबरचा टब माणसाच्या वजनाने किंचित वाकतो, म्हणून कोणाला तरी आत उभं करूनही व्हिडिओ घ्या. 😄

जास्त करून नटवालाच जॉइंट सापडतो, आणि त्याची दुरुस्ती सोपी असते. खाली बादली ठेवा, कारण ट्रॅपमध्ये पाणी साठलेलं असतं. गटाराचा वास वर येऊ नये म्हणून ते तिथे हवंच असतं. उघडण्याआधी जोडणीचा फोटो काढा. नट सोडवून वॉशर बघा. तो कडक झाला असेल, चिरला असेल किंवा तिरका बसला असेल, तर त्याच मापाचा नवा घाला. माप सांगण्यापेक्षा जुना वॉशरच दुकानात न्या. त्याची निमुळती बाजू फिटिंगच्या आत आणि सपाट बाजू नटकडे हवी. उलटा बसला तर नवा वॉशरही गळतो.

नट आधी हाताने आवळा, मग पान्याने फार तर पाव फेरा. प्लॅस्टिकचा नट जोर लावला की तडकतो. इथे टेफ्लॉन टेपचे वेढे देणारे बरेच दिसतील, पण हा जॉइंट आट्यांवर नाही, वॉशरवर बंद होतो, त्यामुळे टेपने काही साधत नाही. ओल्या जॉइंटवर बाहेरून एम-सील थापणं म्हणजे चार दिवसांची सोय. शिवाय पुढच्या वेळी तो नट उघडताना शिव्या खाव्या लागतात, त्या वेगळ्याच.

जाळीखालचा वॉशर बदलताना सिलिकॉन लावलं असेल, तर साधारण 24 तास टब वापरू नका. मग तीच चाचणी पुन्हा करा आणि व्हिडिओ जपून ठेवा. भरावात आधीच मुरलेलं पाणी वाळायला वेळ लागतो, त्यामुळे काकूंच्या छतावरचा डाग लगेच जाणार नाही. तेव्हा हाच व्हिडिओ त्यांना दाखवता येईल.