मोठे अक्षर नसलेली लिपी

इंग्रजीत 'रिपब्लिकन' हा शब्द लहान 'आर'ने लिहिला, तर प्रजासत्ताकावर विश्वास असलेला कोणीही माणूस. मोठ्या 'आर'ने लिहिला, तर एका ठरावीक पक्षाचा माणूस. पहिल्या अक्षराचा आकार बदलला की विचाराचा पक्ष होतो. देवनागरीत लहान-मोठे अक्षर नाहीच. मग सकाळचा पेपर वाचताना आपला घोळ कसा होत नाही?

'राष्ट्रवाद्यांनी विरोध केला' म्हटले की राष्ट्रवाद मानणारी माणसे डोळ्यांपुढे येतात. 'राष्ट्रवादीने विरोध केला' म्हटले की १९९९ साली स्थापन झालेला पक्ष. काम फक्त प्रत्ययाने केले! आणि 'राष्ट्रवादी फुटली' हे स्त्रीलिंग आले कुठून? पक्षाच्या पूर्ण नावातल्या 'काँग्रेस'मधून. तो शब्द बोलण्यातून गळाला, पण आपले लिंग मागे ठेवून गेला. हे व्याकरण कोणत्याही शाळेत शिकवत नाहीत, तरी पानटपरीवरच्या चर्चेतही कोणी चुकत नाही. मला हे फार विलक्षण वाटते.

दुसरी युक्ती उसन्या शब्दांची. नागपुरात १९५७ साली रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. मराठीत पक्षासाठी 'रिपब्लिकन' राहिला, विचारासाठी 'प्रजासत्ताकवादी'. परका शब्दच इथे मोठ्या अक्षराचे काम करतो.

या सगळ्याची खरी परीक्षा वर्ध्यात होते. गांधीजी असतानाच्या वर्ध्यात नुसते 'संघ' म्हटले तर कोणता? गांधी सेवा संघ, चरखा संघ, की ज्याच्या शिबिराला गांधीजींनी १९३४च्या डिसेंबरात इथेच भेट दिली तो राष्ट्रीय स्वयंसेवक संघ? बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, यावरच अर्थ ठरणार. याच गावात १९३६ साली राष्ट्रभाषा प्रचार समिती उभी राहिली, आणि तिच्या छपाईत 'इ', 'उ'च्या जागी 'अि', 'अु' आले. छापखान्यातले खिळे कमी व्हावेत म्हणून हा खटाटोप. म्हणजे वर्ध्यात लिपीची सुधारणा झाली ती अक्षरे घटवणारी. मोठ्या अक्षरांनी ती वाढलीच असती.

पण प्रत्यय नाही, क्रियापद नाही आणि बोलणाऱ्याचा आवाजही नाही, असे झाले तर? तसे घडले, वर्ध्याजवळ पवनारला, धाम नदीकाठच्या आश्रमात. २५ डिसेंबर १९७४ पासून विनोबा भावे यांनी वर्षभराचे मौन धरले होते. १९७५च्या जूनमध्ये आणीबाणी आली आणि त्या मौनातून दोन शब्द बाहेर आले : 'अनुशासन पर्व'. सरकारने ते उचलले. 'शिस्तीचा काळ' असा अर्थ लावून देशभर फलक लागले, आणि विनोबांचा आणीबाणीला आशीर्वाद आहे, असे लोकांनी धरले.

आता महाभारत उघडा. त्याच्या तेराव्या पर्वाचे नावच अनुशासनपर्व. त्यात सांगणारा आहे शरपंजरी पडलेला भीष्म, आणि ऐकणारा आहे राजा युधिष्ठिर. उपदेश राजाला केला जातो. राजा प्रजेला दटावत नाही! हे ग्रंथातले विशेषनाम की चालू काळाला दिलेले साधे नाव, हे त्या दोन शब्दांवरून कळायला कसलीच खूण नव्हती. मौन सुटल्यावर विनोबांनी उलगडा केला : शासन सत्तेचे असते, अनुशासन आचार्यांचे. जानेवारी १९७६ मध्ये त्यांनी पवनारला आचार्यांचे संमेलनही भरवले. पण तोवर सहा महिने त्या शब्दांवर फलक लावणाऱ्यांचाच ताबा राहिला होता. आणि विनोबांच्या सर्वोदय चळवळीच्या कार्यकर्त्यांत जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनावरून आधीच फूट पडली होती. त्या चळवळीला हा गैरसमज फार महागात पडला, असे मला वाटते.

पक्षाच्या नावाचा किंवा 'वादी'ने संपणारा एखादा शब्द फलकावर एकटाच दिसला, तर त्याला आधी एक प्रत्यय लावून पाहा आणि विचारा : कोणी, कोणाला, कशासाठी? उत्तर मिळेपर्यंत त्याचा अर्थ मान्य करू नका.